नग एक, पोच द्यावी

आमच्या बिल्डिंगमधले नाना जिन्यात भेटले तर तब्येतीची चौकशी करत नाहीत, पाण्याच्या टँकरबद्दलही बोलत नाहीत. कठड्यावर हात ठेवून, आवाज जरा खाली आणून विचारतात, "काय, तुमच्याकडे यंदा काही आहे का?" नव्याने राहायला आलेल्या माणसाला वाटतं, हे वर्गणीला आलेत, नाहीतर नात्यातल्या कुणासाठी स्थळ बघतायत. जुनी मंडळी मात्र सावध होतात. नानांना प्रसंग हवा असतो. मुंज, बारसं, डोहाळजेवण, मोतीबिंदू, दहावीचा निकाल, अगदीच काही नसलं तर नवा फ्रीजसुद्धा चालतो.

इतर लोक प्रसंग ठरला की कार्ड आणायला बाहेर पडतात. नानांकडे कार्डांचा साठा आधीच आहे आणि तो रीतसर खपवायचा आहे. त्यामुळे आमच्या आयुष्यात सतत काहीतरी घडत राहावं ही त्यांची गरज होऊन बसली आहे. बी विंगमधल्या एका मुलाचं लग्न दोनदा पुढे गेलं, तेव्हा त्याच्या आईपेक्षा नानाच हवालदिल. "कार्ड तयार आहे हो माझं. ठेवून ठेवून फोम दबतो." मुलाच्या आईने ही गोष्ट व्याह्यांच्या कानावर घातली आणि त्यानंतरच तारीख पक्की झाली, असं नाना सांगतात.

नाना समजून घ्यायचे तर त्यांची नोकरी माहीत हवी. ते मध्य रेल्वेच्या परळ वर्कशॉपच्या स्टोअर्समधून निवृत्त झाले. वॉशर, गॅस्केट, स्प्लिट पिना, पितळी नट. त्यांच्या हातून जे गेलं ते मोजून गेलं आणि सही घेऊन गेलं. स्टॉक व्हेरिफायर येणार म्हटलं की बाकीच्यांची पोटं बिघडायची. नाना त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून जायचे. निवृत्तीनंतरचे पहिले काही महिने काकूंना अजून आठवतात. एका सकाळी पोह्यांचा डबा काढायला गेल्या, तर फडताळातल्या प्रत्येक डब्याला पुठ्ठ्याचं बिन कार्ड लटकवलेलं. आवक, जावक, शिल्लक. मोहरीलासुद्धा. काकूंनी त्याच रात्री लेस्टरला लेकीला फोन लावला. पुढच्या खेपेला लेक आली ती बॅगेत एक चपटं, गुळगुळीत खोकं घेऊन.

खोक्यावर लिहिलं होतं 'विंटर व्हिलेज'. आत एका इंग्रजी खेड्याचा अख्खा हिवाळा भरलेला. ४० कोरी कार्डं, तेवढीच पाकिटं, आणि छापील जाड कागदांचे तावच्या ताव. त्यातून कौलारू घरं, छोटं चर्च, देवदारासारखी झाडं, कंदिलाचा खांब, घसरगाडी, बर्फाचा बाहुला आणि लाल छातीचा रॉबिन पक्षी बोटाने ढकलून सुटे करायचे. शिवाय दोन्हीकडून चिकट असे फोमचे चौकोनी तुकडे, बर्फ म्हणून चमकी आणि पांढरे मणी, आणि कापून लावायच्या तयार मजकुरांचा एक ताव. यातली गंमत थरांची. एकच घर चार वेळा छापलेलं असतं, दर वेळी थोडं कमी. खाली सबंध चित्र, त्यावर फोम, मग भिंती आणि छप्पर, पुन्हा फोम, मग नुसतं छप्पर आणि दार, आणि शेवटी सगळ्यांच्या वर एकटं धुराडं. कार्ड जरा तिरकं धरलं की घर खरोखर उभं असल्यासारखं वाटतं.

लेकीचा अंदाज, बाबा महिनाभर रमतील. बाबांनी पहिले दोन दिवस खोकं उघडलं ते फक्त मोजायला. मग रजिस्टर आखलं. फोमचे तुकडे खोक्यावर ४०० लिहिलेले होते, भरले ३९८. "शॉर्ट रिसीट," नाना म्हणाले आणि लेकीला तसं लेखी कळवलं. ती तेव्हा शेजारच्या खोलीत झोपली होती.

नाना कार्ड करायला बसतात तेव्हा त्या घरात संचारबंदी असते. जेवणाचं टेबल रिकामं होतं, त्यावर गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं पान उलटं पसरतात आणि पहिल्याप्रथम पंखा बंद होतो. कारण रॉबिनचा सगळ्यात वरचा थर म्हणजे नुसती चोच आणि छातीचा लाल ठिपका. तो उडाला की गेला. डोंबिवलीत, मे महिन्यात, दुपारी, पंखा बंद. नाना बनियनवर, घाम कागदावर ठिबकू नये म्हणून कपाळाला पंचा घट्ट बांधलेला, आणि समोर टेबलावर बर्फ. किटातल्या कार्डांवर घडीची रेघ आधीच दाबलेली असते, पण नानांचा त्या रेघेवर भरवसा नाही. ३०० जीएसएमचा कागद, घाईने दुमडला तर घडीवर तडकतो. म्हणून ते पट्टी धरून, शाई संपलेल्या बॉलपेनने तीच रेघ पुन्हा ओढतात, घडी घालतात आणि चमच्याच्या पाठीने वरून खाली एकदाच दाबतात. दुसऱ्यांदा दाबलं तर कागदावर चकाकी येते. खरं सांगायचं तर हे इतकं बघत राहावंसं काम आहे की मी एकदा तिथे दूध मागायला गेलो आणि आमच्याकडचा चहा राहिलाच.

खरा प्रसंग असतो तो फोमवरचा कागद सोलण्याचा. तो नखाने निघत नाही. निघाला की तुकडा चिमट्याला चिकटतो, चिमट्यावरून बोटाला, बोटावरून चष्म्याच्या काचेला. नाना श्वास रोखतात. घरात कुणी शिंकायचं नाही. दारावरची बेल वाजली तर काकू दार न उघडता आतूनच "थांबा" असे हातवारे करतात, जे बाहेरच्या माणसाला दिसायचं काही कारण नाही. एकदा असाच एक रॉबिन कमी भरला. टेबलाखाली बघून झालं, केर उपसून झाला. तासाभराने काकू भाजी घेऊन आल्या, तर पक्षी त्यांच्या कोपराला. फडके रोडवरून फिरून आला होता. मेथीवालीने म्हणे विचारलंही होतं, "हे कुठं मिळतं, ताई?" नानांनी चोच तपासली, शाबूत होती. रजिस्टरला नोंद झाली: 'परत जमा.'

किटाची अडचण अशी की ते एकाच गावाचं आणि एकाच ऋतूचं. त्यात नानांचा नियम, किटामध्ये बाहेरचा माल मिसळायचा नाही, बॅलन्स बिघडतो. फोम संपला तेव्हा मशीद बंदरला उतरून अब्दुल रहमान स्ट्रीटवरून जाड टेप आणावी लागली, ती 'लोकल पर्चेस' म्हणून वेगळ्या पानावर आहे आणि त्या पानाची त्यांना थोडी लाज वाटते. गिरगावात खाडिलकर रोडवर लग्नपत्रिकांची इतकी दुकानं आहेत, तिथून सोनेरी गणपती, कलश, सनई-चौघडे आणा, असं मी सुचवून पाहिलं. नानांनी मला बसायलाही सांगितलं नाही. परिणामी आमच्या इमारतीतली यच्चयावत शुभकार्यं गेली काही वर्षं विलायती बर्फात पार पडतायत.

वास्तुशांतीला प्रश्न नव्हता, घर तयारच होतं. मोतीबिंदूला कंदील, हेही पटण्यासारखं. एका गृहस्थांना निवृत्तीनिमित्त उतारावरून खाली निघालेली घसरगाडी मिळाली; ते अजून तिचा अर्थ लावतायत. मुंजीला नानांनी बर्फाचा बाहुला घेतला. टोपी काढताच डोकं आपसूक तुळतुळीत झालं. मग त्याच्या मफलरीच्या काठाची दोऱ्याएवढी पट्टी कापून डाव्या खांद्यावरून तिरकी लावली. जानवं. बटू गोरा, गुटगुटीत आणि आनंदी दिसत होता. नाकाच्या जागी गाजर होतं, पण खऱ्या बटूचे काका म्हणाले, आमच्या घराण्याचं नाक तसंच आहे.

पाडव्याला त्यांनी कमाल केली. कंदिलाचा खांब घेतला, टोकावरचा कंदील सोडवला आणि पालथा लावला. पालथा घातलेला तांब्याच तो. मफलरीचा उरलेला तुकडा खण म्हणून, देवदाराची एक फांदी कडुलिंब म्हणून. लंडनच्या एखाद्या गल्लीतला दिवा आमच्या दारात गुढी होऊन उभा राहिला. संक्रांतीला तर किटवाल्यांनी आपल्यालाच डोळ्यासमोर ठेवलं असावं अशी शंका येते. रात्रीच्या आकाशाचा काळा कागद, त्यावर पांढरे मणी. हलव्याचे दागिनेच. पूर्वी संक्रांतीला पोस्टाने चिमुकली तिळगुळाची कार्डं यायची, हलव्याचे चार दाणे पुडीत घालून चिकटवलेली. आपण पाकीट फोडेपर्यंत मुंग्यांनी ते वाचून काढलेलं असायचं. काकू ते काळं कार्ड किती तरी वेळ हातात धरून बसल्या होत्या. गणपतीत मात्र नाना अडले. बाप्पाला बर्फात कसा बसवायचा? दोन दिवस पंखा चालू राहिला, म्हणजे काम बंद. शेवटी काकू कणीक मळता मळता म्हणाल्या, "अहो, त्याचे वडील कुठे राहतात?"

आतला मजकूर नाना स्वतः लिहितात, काळ्या शाईने, कार्यालयीन अक्षरात. दहावीच्या मुलाला आलेलं कार्ड मी वाचलं आहे. 'आपण इयत्ता दहावी उत्तीर्ण झाल्याचे समजले. अभिनंदन. सोबत कार्ड नग एक. पोच द्यावी.' खाली कार्डाचा अनुक्रमांक आणि तारीख. पहिल्या मजल्यावरच्या सुनेला डोहाळजेवणाला गेलेल्या कार्डात 'आगामी आवकेस शुभेच्छा' असं होतं. तिने ते फ्रीजवर लावलं आहे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वाचून दाखवते. पोच मात्र तिने दिली नाही म्हणून नानांनी बाळाच्या बारशापर्यंत वाट पाहिली आणि मग पाळण्याशी उभं राहून स्मरण दिलं.

आता तुम्ही म्हणाल, एकाच इमारतीत राहणारा माणूस हातात देऊन मोकळा का होत नाही? नाना पोस्टाने पाठवतात. शिक्का हा पुरावा असतो. इथे त्यांची गाठ ग्रॅमशी पडते. पोस्टाचा दर वीस-वीस ग्रॅमच्या टप्प्याने वाढतो. किटातलं कार्ड उघडून धरलं तर दहा इंच बाय सात इंच, ३०० जीएसएमने साडेतेरा ग्रॅम. पाकीट साडेपाच. झाले एकोणीस. म्हणजे घर, झाडं, चर्च, फोम, बर्फ, रॉबिन आणि नानांच्या भावना मिळून एका ग्रॅमात बसवायच्या. काकूंचा केक करायचा काटा त्यासाठी कायमचा टेबलावर आला आहे. वजन २१ भरलं की नाना विचारात पडतात. जास्तीचं तिकीट लावता येतं हे त्यांना कळतं, पण तो पराभव आहे. मग चर्चच्या मागची एक भिंत काढतात, जी तशीही दिसत नसते, झाडामागचा फोम अर्धा करतात. एका अनंतचतुर्दशीच्या कार्डावरच्या पक्ष्याला पाय नव्हते. पाय वजनात गेले होते.

त्यातून पोस्टात खिडकीवरचा माणूस शिक्का मारणार तो जोरात. चार थरांचं धुराडं पहिल्याच ठोक्याला भुईसपाट. त्यावर नाना पाकिटाच्या ज्या बाजूला घर नाही तिथे तिकीट लावतात आणि शेजारी लाल शाईत लिहितात, 'शिक्का येथे. हळू.' आमचा पोस्टमन आता नानांची पत्रं ओळखतो. पेटीत टाकत नाही, दोन बोटांनी कडा धरून आडवी आणून हातात देतो.

नानांनी या विषयाचं वाचनही केलं आहे. पहिलं छापील ख्रिसमस कार्ड १८४३ सालचं, लंडनचं. हेन्री कोल नावाचा एक कामाच्या रगाड्यातला अधिकारी होता. तीन वर्षांपूर्वी पेनी पोस्ट सुरू होऊन टपाल स्वस्त झालेलं, त्यामुळे नाताळात पत्रांचा ढीग साचायचा आणि प्रत्येकाला उत्तर लिहायला वेळ नाही. मग त्याने जॉन कॉलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक चित्र करून घेतलं, हजार प्रती छापल्या, लागल्या तेवढ्या वापरल्या आणि बाकीच्या एक शिलिंगला एक याप्रमाणे विकायला काढल्या. म्हणजे पत्र लिहिण्याचा कंटाळा वाचवायला निघालेली ही वस्तू. नानांना एका कार्डाला दोन दुपारी लागतात, पण हा विरोधाभास त्यांना शिवत नाही. त्यांचा आक्षेप वेगळाच आहे. "हजारातली शिल्लक किती, ते कुठेही नोंदवलेलं नाही." रॉबिनचा उलगडाही त्यांनीच मला केला. तेव्हाच्या इंग्रज पोस्टमनचा कोट लाल असायचा, लोक त्यांना रॉबिनच म्हणायचे, म्हणून तो पक्षी चोचीत पत्र धरून कार्डांवर आला. "आपल्याकडे पोस्टमनला खाकी," नाना म्हणाले. "हिशोबाने साळुंकी पाहिजे."

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी गुलाब, समया आणि उगवते सूर्य येतात, त्याकडे नाना ढुंकून बघत नाहीत. मला वाटलं होतं, त्यांना तंत्रज्ञानाची चीड असेल. तसं नाही. लेकीशी ते रोज व्हिडिओवर बोलतात, बँकेचं सगळं फोनवर करतात. गुलाबावरचा त्यांचा आक्षेप स्टोअर्समधला आहे. "तुम्ही ते फूल पाठवता, बरोबर? पाठवल्यावर तुमच्या फोनमध्ये ते तसंच राहतं. मग दिलं काय तुम्ही? माझ्या रजिस्टरला एक कार्ड कमी होतं." यावर माझ्यापाशी अजून उत्तर नाही आणि तेव्हापासून ग्रुपवर समई टाकताना माझा अंगठा जरा अडखळतो.

कार्ड मिळालं म्हणजे सुटलात असं नाही. नाना फिरतीवर असतात. काहीतरी निमित्त काढून येतात, पाणी मागतात आणि फुलपात्र तोंडाला लावून शोकेसकडे नजर टाकतात. कार्ड पुढच्या रांगेत दिसलं तर फक्त मान हलते. मागे गेलं असेल तर उठून स्वतः पुढे आणतात. एका घरातल्या धाकट्याने बाहुल्याचं नाक उपटून खाल्लं होतं, त्याची आई घाबरून डॉक्टरकडे निघाली, नानांनी विचारलं, "कितवा थर?" आमच्याकडे तर त्यांनी सरळ सांगून ठेवलं आहे, रद्दीत घालणार असाल तर आधी मला दाखवा, धुराडं चांगलं आहे त्यावरचं.

या सगळ्या घाईमागे एक कारण आहे. लेकीने दुसरं खोकं आणून ठेवलं आहे. 'अंडर द सी'. कपाटाच्या वरच्या खणात, प्लॅस्टिकसकट. आत शिंपले, ऑक्टोपस, समुद्री घोडे, आणि सत्यनारायणाला त्यातलं काय कामी येईल याचा विचार नानांनी सुरू केलेला दिसतो, कारण परवा मला अचानक विचारलं, "मत्स्यावतार पहिला ना?" पण पहिलं खातं निल झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. आणि पहिलं खातं चार कार्डांवर येऊन अडकलं आहे.

कारण मजकुरांच्या तावावर शेवटी चार ओळी उरल्या आहेत, चारही सारख्या: विथ डीपेस्ट सिम्पथी. विलायतेत दुखवट्याचीही कार्डं असतात. आपल्याकडे अशा पत्राचा कोपरा फाडतात, त्यावर कुणी रॉबिन बसवत नाही. नानांनाही ते समजतं. इमारतीत मध्यंतरी एक आजोबा गेले, तेव्हा नाना सगळ्यात आधी खाली होते, रात्रभर बसले, कार्डाचा विषयसुद्धा काढला नाही. पण साठा आहे, आणि निर्लेखित करावा असं त्यात काही खराब नाही. जिन्यात एखादा वयस्कर माणूस खोकला की नाना थबकतात आणि मग स्वतःवरच चिडून पुढे जातात. दुसऱ्या मजल्यावरचे आप्पा, ब्याऐंशीचे, हल्ली नाना दिसले की दोन दोन पायऱ्या चढतात.

सप्टेंबरात सोसायटीची वार्षिक सभा झाली. गच्चीची गळती, पार्किंग, टाकीची सफाई, मग पदाधिकारी. सचिव कोण होणार विचारल्यावर सगळे एकदम चपला शोधायला लागले. मी त्या वेळी फोन घ्यायला बाहेर गेलो होतो. परत आलो तेव्हा टाळ्या वाजत होत्या. बिनविरोध.

आठवड्याने पोस्टमनने पाकीट दोन बोटांनी धरून आणून दिलं. आत बर्फातलं चर्च, चारही थर, एक भिंतसुद्धा कमी केलेली नाही; तिकीट जास्तीचं होतं. झाडाच्या टोकावर पक्षी, पायांसकट. खाली तो छापील मजकूर, आणि आत काळ्या शाईत, 'सचिवपदी आपली बिनविरोध निवड झाल्याचे समजले. सोबत कार्ड नग एक. पोच द्यावी.'

पोच द्यायला मी वर गेलो. नानांनी माझी सही घेतली, शिल्लक चारची तीन केली आणि टोपण लावलं. उरलेल्या तिघांचं काय करणार, मी विचारलं.

"खजिनदार ठरला का?" नाना म्हणाले.